फ्रिजचा प्लग कोण काढत होतं?

आधीच सांगते, भूतखेत, करणी असल्या भानगडीत पडणारी बाई मी नव्हे. एका फ्रिजच्या कंपनीत मी टेस्टिंगला आहे. तयार फ्रिजमधून करंट लीक होतो का, अर्थिंग नीट आहे का, हे बघायचं माझं काम. मीटर दाखवेल ते खरं... म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

आम्ही भांडुपला, जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, पहिलीतली सई आणि सासूबाई. सासरे, म्हणजे आमचे बाबा, मागच्या वर्षी गेले. ते वायरमन होते. सई शाळेतून आली की हातपाय धुऊन तशीच ओल्या पायांनी फ्रिजकडे धावते. बाबा आधी प्लग काढायचे, वायर हातावर गुंडाळून फ्रिजवर ठेवायचे, मगच तिला दार उघडू द्यायचे. मी हसायचे त्यांना.

दिवाळीनंतर मी कामावरून आले की फ्रिज बंद मिळायला लागला. दूध नासलेलं. आणि वायर गुंडाळून वर ठेवलेली... अगदी बाबांसारखी.

माझा संशय सरळ सासूबाईंवर. नवरा गेल्याचं दुःख मान्य, पण म्हणून रोज दुधाची वाट लावायची?

"आई, प्लग तुम्हीच काढता ना?"

"मी कित्या काढू गो? तूच सकाळी जाताना काढतंस नि माझ्यावर ढकलतंस."

शेवटी मी सुट्टी टाकली. आईंना चेंबूरला नणंदेकडे पाठवलं आणि फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसले. म्हटलं, आता बघतेच. दुपारभर फ्रिज मस्त घरघरत होता. बेल वाजली, मी सईला दार उघडलं. तिचं दप्तर उतरवतेय तोच आतली घरघर थांबली.

जाऊन बघते तर प्लग वर, वायर गुंडाळलेली. घरात आम्ही दोघीच — आणि सई माझ्या हाताशी होती.

मी मीटर काढला. प्लग लावून तपासलं... फ्रिजच्या बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज. मी, नवरा, आई, आम्ही घरात रबरी चपला घालतो म्हणून कधी झटका बसला नव्हता. सई घालत नाही. मी तिला जवळ घेतलं आणि तिथेच खाली बसून रडले.

संध्याकाळी नवरा अर्थिंगची वायर कुठे जाते ते शोधत गेला. जुन्या घरांत करतात तशी ती पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. दिवाळीत सोसायटीने पाइप बदलून प्लास्टिकचे टाकले, आणि प्लंबरने आमची वायर इमानदारीत त्या प्लास्टिकलाच बांधून ठेवली. म्हणजे लीक झालेला करंट जमिनीत जायला वाटच नाही. जगाचे फ्रिज तपासणारी मी, घरचा एकदाही बघितला नाही.

आता नवीन अर्थिंग केलंय, फ्रिजही दुरुस्त केलाय. तेव्हापासून प्लग जागचा हललेला नाही. कोण काढत होतं, मला माहीत नाही.

परवा आई फ्रिजसमोर उभ्या होत्या, प्लगकडे बघत. हळूच म्हणाल्या, "ती अर्थिंगची वायर परत सोडून ठेवलंस तर... येतले काय गो ते?"

मी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं.

तेव्हापासून रोज घरी आले की पर्स ठेवायच्या आधी मी अर्थिंगची वायर बघते.