कामात चेष्टा

साहेबांनी देविदासकाकांना सगळ्या गोदामासमोर उभं केलं आणि कमरेची चावी काढायला सांगितली.

"यह आदमी झूठ बोलता है," साहेब म्हणाले. "मैं नहीं कह रहा, टेस्ट कह रहा है."

काकांनी शर्ट वर केला. चावी करगोट्याला बांधलेली. घामानं गाठ आवळली होती, सुटेना. हमाल बघत होते. कुणीतरी हसलं. साहेबांनी कात्री मागितली. कात्री माझ्या टेबलावर होती.

मी दिली.

आमच्याकडे करगोटा कापतात तो मेलेल्या माणसाचा. काका जिवंत उभे होते.

रायपूरच्या भनपुरीतल्या या गोदामात मी कम्प्युटरवर बसते. काका आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहणारे, माझ्या बाबांसारखेच वर्ध्याकडून पोट भरायला आलेले. मला ही नोकरी लागली ती त्यांच्या शब्दावर. गोदामाची चावी कित्येक वर्षं त्यांच्याकडे होती, एक पोतं कधी इकडचं तिकडं झालं नाही. पण नव्या साहेबांना मोजलेला भरवसा पाहिजे होता. म्हणून मानसिक चाचणी आणली. पडद्यावर प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. ज्यांना पडद्यावरचं वाचणं जमत नाही, त्यांना मी वाचून दाखवायचं. फक्त वाचायचं. समजावायचं नाही. समजावलं की चाचणी सगळ्यांना सारखी राहत नाही, म्हणे.

सुरुवातीला प्रश्न होता, "मैं हर काम में पूरी कोशिश करता हूँ." काका म्हणाले, "हव."

बऱ्याच वेळानं तोच प्रश्न कपडे बदलून आला. माणूस खरं बोलतो की नाही, ते पकडायची ही युक्ती; दोन उत्तरं जुळली नाहीत की माणूस खोटा. "मैं हर काम में पूरी चेष्टा करता हूँ."

काका दचकले. "कामात चेष्टा? मी काहून करीन व, पोरी?"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्या घरात चेष्टा म्हणजे टवाळी. रायपुरात जन्म गेला तरी हा पुस्तकी शब्द काकांच्या कानावर कुठून पडणार? गोल बाजारात सगळे कोशिशच करतात. काकांची गफलत मला कळली. तिथंच, त्या क्षणी कळली. पण साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी प्रश्न पुन्हा वाचला, होता तसाच.

"नाही," काका म्हणाले. "कधीच नाही." किती अभिमानानं म्हणाले. मी 'नहीं'वर बोट दाबलं.

अशाच प्रश्नांच्या आणखी एका जोडीत ते थकून चुकले होते. या जोडीनं त्यांना रेषेखाली ढकललं, एका गुणानं. कागदावर आलं, भरोसेलायक नाही.

चावी गेल्यावर मी केबिनमध्ये गेले. शब्दाचं सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, दोबारा ले लेते हैं. आठवड्यानं पुन्हा चाचणी झाली. मधल्या दिवसांत मी काकांना त्या शब्दाचा अर्थ सांगू शकत होते. सांगितला नाही. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, म्हणून भ्याले. काका पुन्हा "नाही" म्हणाले.

"देखा? दोनों बार वही जवाब. इसको बोलते हैं पक्का टेस्ट."

दोनदा सारखं आलं म्हणून खरं? बिघडलेला काटाही रोज सारखंच वजन दाखवतो. आमच्या गोदामात काटा आहे, साहेबांना एवढं तरी कळायला हवं होतं. रिपोर्टखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की गुण थोडे वरखाली होऊ शकतात. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वो हम लोगों के समझने की चीज़ है," साहेब म्हणाले. "तुम नीले झंडे वाले हर बात में रियायत माँगते हो. पढ़ने के लिए रखा है, पढ़ो."

मी मान खाली घालून बाहेर आले.

काकांना ट्रक उतरवायला लावलं. एका दुपारी नळावर भेटले. पाठीवर सिमेंटची धूळ.

"पोरी, खरं सांग. मी काय खोटं बोललो व? मले तं काही आठवून नाही राहिलं."

त्यांचाच स्वतःवरचा भरवसा गेला होता. साहेबांनी चावी घेतली होती. हा भरवसा मात्र मी घेतला होता.

मी त्यांना चेष्टाचा अर्थ सांगितला. त्यांनी नळ बंद केला.

"तुले तवाच मालूम होतं?"

"हव."

त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि ट्रककडे गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

पुढच्या महिन्यात नवे हमाल चाचणीला बसले. मी वाचलं, "मैं हर काम में पूरी चेष्टा करता हूँ." आणि मोठ्यानं सांगितलं, "चेष्टा मतलब कोशिश. समझ के जवाब देना, भैया."

साहेब पुढे आले. "समझाने को किसने बोला? चलो, पहले तुम्हारा टेस्ट लेते हैं. हर काम में पूरी चेष्टा करती हो? हाँ या नहीं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दारात पोतं पाठीवर घेऊन काका उभे होते.

केली होती मी, आमच्या घरातल्या अर्थाची. दोनदा, नियमाप्रमाणे वाचून. हाताशी असलेली कात्री देऊन.

"मराठीत सांगते, साहेब," मी म्हणाले. "आतापर्यंत हो. यापुढे नाही."

काका पोतं घेऊन आत गेले. मी पुढचा प्रश्न वाचला आणि त्याचाही अर्थ सांगितला.