शिसपेन्सिलीतलं उत्तर

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या फवारणी पंपाचा वॉशर बदलत होतो. ठाण्याहून बाईंची भाची रिबेका बोलत होती. ‘‘नजीरभाई, मावशी सकाळी गेली. दुपारी दफन आहे.’’ मेहकरहून ठाण्याला दुपारपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. त्यांच्यातही आमच्यासारखीच मातीची घाई असते, हे बाईंनीच मला एकदा सांगितलं होतं. मी ‘बरं’ म्हणालो, वॉशर बसवला, पंप चालवून दाखवला आणि मग मागच्या खोलीत जाऊन बसलो... बियाण्याच्या खोक्यांमध्ये बाईंची खुर्ची अजून तिथंच आहे. मला रडू आलं, आणि ते कुणी पाहिलं नाही याचं बरंही वाटलं.

एलिशेबाबाई आम्हाला आठवीपासून गणित शिकवायच्या. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू समाजातल्या. यजमान पाटबंधारे खात्यात होते. बदलीवर इकडं आले, निवृत्त झाले आणि इथंच वारले. गावानं मात्र बाईंना शेवटपर्यंत ख्रिश्चन समजलं. दर नाताळला कुणी ना कुणी त्यांच्या घरी केक घेऊन जायचं. आधी त्या समजावून सांगत. पुढं सांगायचं सोडून केक ठेवून घ्यायला लागल्या. वर्गात त्यांचा एक नियम होता. उत्तर आधी शिसपेन्सिलीनं लिहायचं, पडताळा जुळला की बाई ते स्वतः शाईनं गिरवायच्या. हुशार पोरांच्या वह्या निळ्याशार असत. माझी दहावीपर्यंत करडीच राहिली. ‘‘नजीर, तू उत्तर काढत नाहीस, ठोकून देतोस,’’ असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. पुढं मी बी-बियाण्याचं दुकान टाकलं, तिथं ठोकून देणं बरंच कामी आलं.

निवृत्तीनंतर बाईंनी कॉम्प्युटरवर वर्ग सुरू केला. ठाणे, पुणे, अहमदाबाद आणि थेट इस्राएलमधली दहा-बारा पोरं, सगळी त्यांच्या समाजातली. दर सणाला त्यांच्यात काही ना काही वाचायचं असतं, ते बाई शिकवायच्या. घरी नेटवर्क रडतखडत यायचं, म्हणून दर रविवारी त्या माझ्या दुकानामागच्या खोलीत येऊन बसायच्या. औषधांच्या वासानं नाकाला पदर लावायच्या, पण तक्रार नाही. पडद्यावर डावीकडं हिब्रू, उजवीकडं इंग्रजी. एखाद्या ओळीवर बोट ठेवलं की तिच्यावर जुन्या पंडितांनी काय काय म्हटलंय ते खाली उघडायचं. ‘‘माझ्या आजोबांना यातली दोन पुस्तकं मुंबईहून मागवायला वर्ष लागलं होतं रे,’’ असं त्या मला दर महिन्याला एकदा तरी सांगत. त्या ओळींचं मराठी मात्र पडद्यावर नव्हतं. ते बाई लांबट वहीत स्वतः उतरवायच्या, आणि समासात पोरांचे प्रश्न लिहायच्या. प्रश्न शाईनं, उत्तर पेन्सिलीनं. सवय जाते कुठं!

त्यांचा शावुओत नावाचा सण नेमका आमच्या बियाण्याच्या हंगामात यायचा. तिथी चंद्रावर, पण अधिक महिना घालणारी, म्हणून आमच्या ईदेसारखी ती वर्षभर फिरत नसे. त्या सणाला वाचायची गोष्ट एका विधवा सुनेची आहे. परक्या मुलखातून ती सासूबरोबर येते आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते, म्हणजे कापणीनंतर मागं राहिलेली कणसं. त्याला जोडून मालकाला आज्ञा आहे की शेताचे कोपरे कापायचे नाहीत. ते गरिबाचे आणि परक्याचे. एका वर्षी त्या सणाआधीच्या रविवारी पुढं दुकानात बीटी कपाशीच्या बियाण्यासाठी झुंबड होती आणि मागं हा पाठ चालला होता. इस्राएलातल्या अश्दोदच्या नोआ नावाच्या मुलीनं विचारलं, ‘‘बाई, कोपरा सोडतात असं शेत आता आहे का?’’ बाईंनी मला हाक मारली. ‘‘हा आमचा नजीर. शेत आहे, दुकान आहे. याला विचारा.’’

कॅमेऱ्यासमोर माणसाला काय होतं कोण जाणे. मी कपाशीचं खोकं फोडलं आणि आतली छोटी पुडी वर धरली. तेव्हा मोठ्या पाकिटाबरोबर साध्या, बिगर-बीटी बियाण्याची ती पुडी यायची. शेताच्या कडेनं तिच्या ओळी लावायच्या. तिथं अळीनं खुशाल खावं, म्हणजे आतल्या बीटी झाडांमधलं अळीमारक विष पचवायला ती लवकर शिकत नाही. पोरं हरखली. अळीसाठी सोडलेली कड! नोआनं विचारलं, ‘‘काका, सगळे लावतात?’’ मी म्हणालो, ‘‘हो, लावतात ना. मी पण लावतो.’’ बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

खरी गोष्ट अशी की कुणीच लावत नव्हतं. जानेफळचे प्रल्हादभाऊ त्याच सकाळी काउंटरवर म्हणाले होते, ‘‘हे काऊन देऊन राह्यला बे? अळीले पोसू काय मी?’’ आणि मीच हसून म्हणालो होतो, ‘‘फेका भाऊ तिकडं.’’ आजूबाजूच्या गावांत माझा शब्द चालायचा. माझ्याच शब्दावर त्या पुड्यांचा ढीग मागच्या दारात पडला होता, आणि घरी जाताना बाईंना त्याच दारानं जायचं होतं. त्या ढिगापाशी क्षणभर थांबल्या, चप्पल नीट केली आणि गेल्या. पुढं वर्षभर त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सारखा त्यांचा चेहरा बघायचो, चहा जरा जास्तच आग्रहानं पाजायचो.

त्या हिवाळ्यात गुलाबी बोंडअळी आली. बोंडं वरून छान टपोरी. फोडली की आत अळी आणि कुजका कापूस. प्रल्हादभाऊंनी पसाभर बोंडं आणून माझ्या काउंटरवर ठेवली. शिवी दिली नाही. ‘‘तुह्या शब्दावर चाललो होतो, नजीर,’’ एवढंच म्हणाले. पुड्या लावल्या असत्या तर अळी आलीच नसती, असं मी म्हणत नाही. कारणं पुष्कळ होती. पण त्यातलं एक माझ्या तोंडून निघालं होतं, आणि माझ्या स्वतःच्या शेतातही कड नव्हती.

पुढच्या शावुओतला तोच पाठ आला. पुढं गिऱ्हाइकं उभी होती, तरी मी मागं गेलो आणि बाईंच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो. ‘‘पोरांनो, मागच्या साली मी खोटं बोललो. कोणीच लावत नाही. मीही नाही. उलट मीच लोकायले फेकायले लावलं.’’ बाईंनी चष्मा सारखा केला. ‘‘नोआ, पुढची ओळ वाच,’’ म्हणाल्या.

वर्ग संपल्यावर मी विचारलं, ‘‘बाई, तुमी ढीग पाह्यला होता. तवाच काऊन नाई बोलल्या?’’

‘‘कोपरा मालकानं आपण होऊन सोडायचा असतो रे. मी ओढून घेतला असता तर तो कोपरा झाला असता का?’’ मग पदर सावरत म्हणाल्या, ‘‘चहा कर. आज साखर बेतानं घाल, वर्षभर पाक पाजलास.’’

त्या हंगामापासून मी पुडी गिऱ्हाइकाच्या हातात देऊन, कुठं लावायची ते सांगूनच मोठं पाकीट द्यायला लागलो. काही हसले, काहींनी लावली. प्रल्हादभाऊंनी लावली. पुढं कंपन्या दोन्ही बियाणी एकाच पाकिटात मिसळून द्यायला लागल्या आणि माझं प्रवचन बंद पडलं. बाईंचा वर्ग मात्र चालू राहिला, गुडघे थकून त्या ठाण्याला जाईपर्यंत.

गेल्या आठवड्यात रिबेकानं ती लांबट वही पाठवली. मावशीनं तुमचं नाव घालून ठेवली होती, म्हणाली. मी ती मागच्या खोलीत, त्याच खुर्चीवर बसून उघडली. शेताच्या आज्ञेचं पान सापडलं. समासात नोआचा प्रश्न शाईनं, ‘सगळे लावतात?’ त्याखाली पेन्सिलीत, पुसट, ‘हो. (नजीर)’. ते खोडलेलं नाही. आणि त्याच्याखाली, पुढच्या वर्षीची तारीख घालून, ‘नाही. (नजीर)’.

हे शाईनं होतं. माझं शाईनं लिहिलेलं पहिलं उत्तर.