चेनचे उजवे दात

आज बाभळीचा ओंडका कापताना चेनसॉ परत डावीकडे ओढला गेला, पातं अडकलं आणि जळक्या तेलाचा वास सुटला. त्या वासाने तळोद्यातल्या धार लावायच्या दुकानातले माझे शिकतानाचे दिवस आठवले. मी कानस लावलेली चेन बघून दुकानाचे मालक इब्राहिमचाचा म्हणाले होते, "दोन्ही बाजूले सारखाच हात मार. नहीते काप वाकडा जाई." सगळी चेन पुन्हा घासायला लावली. मान अवघडली होती. चाचा चहाला गेले, तसे उजवीकडचे दात मी रागारागाने उरकले.

परत येऊन त्यांनी दातांवरून बोट फिरवलं आणि ती बाजू स्वतः घासली. सुटलो, असं मला वाटलं होतं.

आता चाचा नाहीत, दुकान माझं आहे, आणि उजवी बाजू आली की हा नालायक हात अजूनही उरकतोच.