आतल्या खोलीतलं वायफाय
लालबागच्या आमच्या घरात इंटरनेटची वायर बाहेरच्या जुन्या कॉम्प्युटरपर्यंतच यायची. अंथरुणाला खिळलेले बाबा आतल्या खोलीत. त्याच कॉम्प्युटरच्या लिनक्सवर ब्रिज करून, म्हणजे वायर आणि वायफाय एकमेकांना जोडून, तीच लाइन आतपर्यंत न्यायला एक माणूस आला होता. नाव विचारायचं राहिलंच. दर कमांडनंतर तो वायर चिमटीत धरून थांबायचा, नाडी बघावी तसा.

काम झाल्यावर बाबांच्या खाटेशी बसून त्याने गावी आपल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. "माझं टेस्टिंग असंच असतं."

म्हातारीने बाबांना बघितलं आणि मालवणी हेलात विचारलं, "जेवलात काय?"

माझी आई गेल्यापासून घरात कुणी मालवणी बोललं नव्हतं. बाबांनी फोन हातात घेतला. "गाव खंयचो तुमचो?"

त्याची पिशवी भरून झाली. फोन परत घ्यायला मी उठलो, तर त्याने हातानेच थांबवलं.

"राहू दे. टेस्टिंग चालू आहे."