अनवाणी आजी

पुढच्या खोलीत नात भाषण पाठ करत होती आणि मी आत तांदूळ निवडत होते.

"माझी आजी रोज अनवाणी पायांनी काट्याकुट्यांची वाट तुडवत शाळेत जात असे. रात्री कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात ती अभ्यास करी. तिच्या पोटात भूक होती, पण डोळ्यांत स्वप्नं होती."

माझा हात थांबला. वाटलं, ही सुनेच्या आईबद्दल बोलतेय. विहीणबाईंनी एवढं सोसलं आणि मला इतक्या वर्षांत एका शब्दाने सांगितलं नाही! आणि मी मेली त्यांच्या पुरणपोळीला नावं ठेवत आले. डोळे भरून आले. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "हीच माझी आजी पुढे शिक्षिका झाली."

विहीणबाई टपालखात्यात होत्या. शिक्षिका मी होते.

"इकडे ये गं. ही कोण बाई?"

"तू."

"मी? अनवाणी?"

"एआयने लिहून दिलं. मी फक्त सांगितलं की विषय 'माझ्या घरातलं शिक्षण' आहे, आजी शिक्षिका होती, छान भाषण दे."

"आणि कंदील?"

"तो त्यानेच टाकला."

आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात जयंतीला मुलांची भाषणं होतात. नात सहावीत आहे आणि यंदा पहिला नंबर आणायचाच, असं तिने मनाशी ठरवलं होतं. जेवतानाही हातवारे चालायचे, एकदा तर वरणाची वाटी गेली.

आता त्या अनवाणी मुलीबद्दल. माझे वडील ओझरला विमानांच्या कारखान्यात कामाला. क्वार्टरमध्ये ट्यूबलाईट, शाळा हाकेच्या अंतरावर. बक्कलवाले बूट मिळावेत म्हणून मी जेवण सोडलं होतं, दुपारपर्यंत. भुकेचं म्हणाल, तर पहिल्याच तासाला डबा संपवणारी मी. गणिताची चाचणी आली की माझं पोट दुखायचं. आई नामपूरकडची, तिची अहिराणी शेवटपर्यंत सुटली नाही. ती शांतपणे म्हणायची, "पोट दुखस का? मंग जेवू नको." पोट तिथल्या तिथे बरं. तरी आपल्याइतकं हुशार ओझरात कोणी नाही, अशी त्या बुटवाल्या कार्टीची ठाम समजूत होती.

अनवाणी होती ती माझी आई. चौथीत तिची शाळा सुटली आणि ती कांद्याच्या शेतावर जायला लागली. तिच्या टाचांच्या भेगा मी पाहिल्यात. त्या यंत्राने तिचे पाय उचलून मला लावले होते.

खरं सांगायचं तर क्षणभर मोह झाला. विहारात पुढे बसायचं, पदराने डोळे टिपायचे, बायकांनी हळहळायचं. पण त्याच रांगेत ओझरच्या शाळेतली माझी मैत्रीण बसते. तिने माझे ते बूट पाहिलेत.

सून म्हणाली, "आई, राहू द्या ना. भाषणातल्या सगळ्याच आज्या अनवाणी असतात. आणि एआयचं नाव घेतलं तर पोरीचे मार्क जातील."

नातीला जोर आला. "आणि बाकीच्यांची भाषणं त्यांच्या आया लिहून देतात, ते कोण सांगतं?"

मी चहा टाकला.

चहा उकळेपर्यंत सुचलं. "कार्यक्रमाच्या आधी पंचशील तूच म्हणणार ना माईकवर?"

"हो."

"मग खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की काय करशील? खोकशील?"

ती हसली, आणि मग चिडली. "मग मी बोलू काय? तुझं तर काहीच थोर नाही!"

मग थोर नसलेलं मी तिला भरपूर सांगितलं. तिने ते एआयला सांगितलं आणि त्याने नीट लावून दिलं. माझ्या पोटदुखीला त्याने 'संघर्ष' म्हटलं होतं. तो संघर्ष तिने स्वतः खोडला. मदत घेतल्याचं सांगायचं यावर मात्र घासाघीस झाली.

"शेवटी सांगते. हळूच."

"हळूच सांग. पण माईकसमोर."

जयंतीच्या दिवशी तिने पाचही शीलं न खोकता म्हटली. भाषणाची पाळी आली तेव्हा तिचे हात ओढणीत गुंडाळलेले होते. शेवटी कशाला, तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं.

"हे भाषण लिहायला मी एआयची मदत घेतली. त्याने आधी मला एक अनवाणी आजी दिली होती. ती आमच्या घरातली नाही. अनवाणी माझी पणजी होती. आजीला बक्कलवाले बूट होते आणि तिचं पोट फक्त गणिताच्या दिवशी दुखायचं."

विहार हसला. माझी मैत्रीण बसल्या जागेवरून ओरडली, "अगं, इंग्रजीच्या दिवशीपण!" मग पोरगी पणजीबद्दल बोलायला लागली, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

परीक्षक बराच वेळ डोक्याला डोकं लावून बसले. नातीचा नंबर आला नाही. पहिल्या आलेल्या मुलीच्या भाषणात आजोबा होते. अनवाणी. असतीलही बिचारे.

परतताना ती माझ्यापुढे दहा हात चालत होती.

"तुझ्यामुळे गेला नंबर."

"हो गं."

"तू म्हणालीस, खरं बोल."

"नंबर येईल असं नव्हते म्हणाले."

कोपऱ्यावर मी बर्फाचा गोळा घेऊन दिला. तो तिने एकटीने संपवला, मला एकदाही चोखू दिला नाही. मला खरंच भीती वाटली, की आता ही मदत घेतल्याचं पुन्हा कधी कबूल करायची नाही, आणि तेही माझ्याच शिकवणीमुळे.

दोनेक दिवसांनी शाळेत धरणाची प्रतिकृती द्यायची होती. पुठ्ठा, शाडू, निळा रंग असा पसारा घालून आम्ही दोघी बसलो. काम झाल्यावर तिने एक चिठ्ठी लिहिली आणि मला न विचारता धरणाच्या भिंतीखाली चिकटवली. 'माहिती शोधायला एआयची मदत घेतली. चुका मी तपासल्या. रंग माझा. दरवाजे आजीने लावले, म्हणून वाकडे आहेत.'

"शेवटचं वाक्य काढ," मी म्हटलं.

"का? खोटं आहे?"