तीन नंबरच्या बोगद्याचं पान

आमच्या घरात कुणाची दृष्ट काढायची असली की मला आधी बाहेर पाठवतात, कारण मी हसते. सगळी नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत झाली माझी... जे रजिस्टरमध्ये नाही ते नाहीच, असा स्वभाव झालाय. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. पण मागच्या वर्षी जे घडलं ते एकदा नीट सांगावं असं फार दिवस मनात आहे. भीती वाटली म्हणून नाही, कुणाचे तरी आभार मानायचे राहिलेत म्हणून.

मी नांदेडला राहते, तरोडा नाक्याजवळ. रिटायर झाल्यावर एका ओळखीतून काम आलं. निजामाच्या काळातल्या एका कोळसा खाण कंपनीवर काही निवृत्त इंजिनिअर मिळून पुस्तक काढून राहिले होते. त्यात कंपनीच्या जुन्या डायरेक्टरांची छोटी चरित्रं मी लिहायची होती. बहुतेक हैदराबादची बडी मंडळी, दोघं-तिघं इंग्रज. आणि एकच माणूस आपल्याकडचा — उदगीरचे लिंगायत व्यापारी गुरुपादप्पा.

त्यांच्याबद्दल जुन्या इंग्रजी अहवालात एवढंच होतं, की तीन नंबरच्या बोगद्यात स्फोट होऊन मजूर गेले आणि काम चालू ठेवायचा आग्रह उदगीरच्या डायरेक्टरांचा होता. ते मजूर उदगीरकडच्या खेड्यांतलेच, गुरुपादप्पांनीच कामाला लावलेले.

त्यांची नात लातूरला असते असं कळलं. महानंदाबाई, वय ऐंशीच्या पुढे. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. मुलाच्या फ्लॅटमध्ये हॉलमधल्या दिवाणावर बसल्या होत्या. विषय काढला तसा त्यांनी टीव्ही बंद करायला लावला.

"लिहू नका बाई त्यांचं," त्या म्हणाल्या. "आमच्या आज्जांनी माणसं खाल्ली म्हणायचे लोक. माझ्या वडलांनी त्याच्यापायी उदगीर सोडलं. मला पोरगी म्हणून बघायला आलेले दोन पाहुणे नाव ऐकून उठून गेले. आता नातवंडांना तरी कळू नये."

"पण अव्वा, अहवालात छापलेलं आहे. मी गाळलं तरी ते राहणारच."

"हाव, राहणार," त्या म्हणाल्या, आणि मला चहा घ्यायचा आग्रह करत बसल्या.

हैदराबादच्या अभिलेखागारातून मी कंपनीच्या बैठकांच्या नोंदींच्या झेरॉक्स मागवल्या होत्या. सगळं हाताने लिहिलेलं उर्दू. मला उर्दू ऐकून कळते, वाचता येत नाही. म्हणून देगलूरला गेले, मोईन सरांकडे. उर्दू शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दुपारी जेवण करून आम्ही त्यांच्या ओसरीत बसलो. सर भिंग धरून वाचायचे, अडखळायचे, एकेका शब्दाला थांबायचे. मी ऐकलेलं देवनागरीत उतरवून घेत होते.

मग एका पानावर सरांनी भिंग खाली ठेवलं. आणि न थांबता वाचलं — "नंबर तीन में चिराग की लौ पर नीली टोपी देखी गई है. जब तक हवा साफ न हो, मेरे लोगों को नीचे न उतारा जाए. मेरा इख्तिलाफ दर्ज किया जाए." खाली नाव गुरुपादप्पांचं.

मी झरझर लिहिलं. निळी टोपी म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून तिथूनच पुस्तकवाल्या एका इंजिनिअरांना फोन लावला. ते म्हणाले, खाणीत गॅस साठला की सेफ्टी दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोक दिसतं. म्हणजे ह्या माणसाने धोका ओळखला होता, आणि विरोधही नोंदवला होता...

चार दिवसांनी तळटीपेसाठी पान नंबर हवा होता, म्हणून परत देगलूरला गेले. सरांनी गठ्ठा पुढून मागून पाहिला. पुन्हा पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, "ताई, हे कुठंच न्हाई. आपण वाचत होतो त्या पानावर फक्त बैठकीची हजेरी हाय."

"सर, तुम्ही मला वाचून दाखवलं."

मी वही पुढे केली. त्यांनी मला वाचायला लावलं, आणि ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. "मी असं वाचलं? मला खरंच याद न्हाई. नीली टोपी काय असती ते पण मला मालूम न्हाई." नांदेडला दुसऱ्या एका जाणकाराला सगळी पानं दाखवली. त्यांनीही तेच सांगितलं, त्या पानावर हजेरी, बाकीही कुठे काही नाही.

मी स्वतःवरच चिडले. ऐकण्यात चूक झाली म्हणावं, तर असं काही सुचायला मला आधी ते माहीत तरी हवं होतं. पण मूळ कागद नाही म्हणजे लिहिता येत नाही. एकच शब्द हाताशी होता — इख्तिलाफ, म्हणजे मतभेद. अभिलेखागारात फोन करून विचारलं, मतभेदांची वेगळी नोंद असायची का? तिथल्या बाई म्हणाल्या, असायची, पण ती वही कुणी मागत नाही. मी ती शोधायला लावली, आणि तीन आठवड्यांनी त्यांनी तिच्यातल्या एका पानाचा फोटो पाठवला.

नांदेडच्या त्याच जाणकारांनी तो वाचला. तीच तीन वाक्यं. शब्दाला शब्द. तारीख स्फोटाच्या आधीची.

अव्वांना फोन करून सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ज्यांनी पहिल्यांदा वाचलं त्यांच्या तोंडून ऐकते." मुलाने जीप केली आणि लातूरहून देगलूरला घेऊन आला. सरांनी नवा फोटो भिंगाखाली धरला. ह्या खेपेला ते फार अडखळले. 'चिराग' लागायलाच वेळ लागला, 'इख्तिलाफ' तर मला सांगावा लागला. त्या दिवशी हेच त्यांनी एका दमात वाचलं होतं!

वाचून झाल्यावर सर हात जोडून म्हणाले, "बहेनजी, त्या दिवशी कसं झालं मला मालूम न्हाई. मी तुम्हाला खोटं सांगू शकत न्हाई."

अव्वा बराच वेळ पदराने डोळे पुसत होत्या. मग त्यांनी सरांचा हात धरला. "ज्यानं वाचून घेतलं त्याचं तो जाणे. तुम्ही त्याला बोलायला तुमचं तोंड दिलं, एवढं पुष्कळ झालं."

पुस्तक निघालं. गुरुपादप्पांच्या चरित्रात ती तीन वाक्यं छापली आहेत, खाली त्या वहीचा पान नंबर. अव्वांच्या नातवाने शाळेत नेऊन दाखवलं म्हणे.

सर कधी हैदराबादच्या त्या कार्यालयात गेले नाहीत, हे मी त्यांच्या मुलांनाही विचारून पक्कं केलं. माझ्या वहीत ती वाक्यं माझ्याच अक्षरात आहेत, वही फोटोच्या आधीची आहे. कुणाकडे ह्याचं सरळ उत्तर असेल तर जरूर कळवा, मी ऐकून घेईन. माझ्याकडे तरी नाही. मला आभार कुणाचे मानायचे तेही कळत नाही... म्हणून इथेच मानते.