माझी भाडेकरू कुत्रं खाते म्हणे

रायपूर छत्तीसगडची नवीन नवीन राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. समता कॉलोनीत जिथं पाहावं तिथं दवाखाना उघडून राहिला होता, पण तिथं काम करणाऱ्या पोरींना खोली द्यायले कोणी तयार नव्हतं. नागालँडहून आलेल्या एका नर्सले तर तीन घरांनी तोंड पाहूनच नाही म्हटलं. मी ठेवून घेतलं. नवरा गेल्यापासून घरात मी आणि कॉलेजात शिकणारी माझी लेक, दोघीच. वरची खोली रिकामीच होती.

हिवाळ्यातल्या एका दुपारी शेजारीण आमच्या पायरीवर उन्हात भाजी निवडायले बसली होती. नर्सही मदतीले बसली. शेजारणीनं गोड आवाजात विचारलं, "तुम्हारे उधर कुत्ता खाते हैं, सच्ची?"

"हाँ दीदी, खाते हैं," नर्स म्हणाली. मान वर न करता, भात खातो म्हणावं तसं. लहानपणी ती तापानं वाळून काडी झाली होती, पोटात काही टिकत नव्हतं, तेव्हा आजीनं तोच रस्सा पाजून तिले उभं केलं, हेही सांगितलं. इथं कधी खाल्लं नाही, हेही. पण शेजारणीचे कान पहिल्या वाक्यालेच थांबले होते.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बोभाटा! ज्या मोकाट कुत्र्याले लोकांनी वर्षभर दगडं मारली, त्याले आता हाका मारमारून बिस्किटं चारून राहिले होते. अरे बाप्पा, काय ते प्रेम! मले हसूही येत होतं आणि डोकंही फिरत होतं. त्याले रोज उरलेली पोळी टाकणारी एकटी ती नर्सच होती.

मग कॉलोनीच्या सेक्रेटरीचा निरोप आला. रविवारी चार लोक घेऊन येतो. तिनं सगळ्यांसमोर एवढंच म्हणावं, मी असलं कधी खाल्लं नाही. विषय संपला. नाही तर खोली खाली करा.

"मम्मी, कहलवा दो ना उससे. झंझट खतम," माझी लेक म्हणाली. मलेही तेच वाटलं. वर गेले. ती युनिफॉर्मले इस्त्री करत होती. म्हटलं, बोल दे बेटा, क्या जाता है?

तिनं इस्त्री उभी ठेवली. "आंटी, दादी ने खिलाया, तब मैं बची. उसको गंदा कैसे बोलूँ?"

मी खाली यायले निघाले आणि अर्ध्या जिन्यातच बसले. मी तिले करायले सांगत होते, तेच माझ्या आईनं जन्मभर केलं होतं. बाबा रेल्वेत, आम्ही जुन्या पाऱ्यात, म्हणजे जुन्या मोहल्ल्यात, भाड्यानं. घरमालक पहिल्या दिवशीच विचारून गेला होता, काय शिजवता? आई म्हणाली, वरण-भात. सुटीच्या दिवशी मोठ्या जनावराचं मटण शिजायचं, ते खिडक्या लावून. जेवण झालं की ती आम्हा भावंडांना पेरूची पानं चावायले लावायची आणि एकेकाचं तोंड हुंगून मगच बाहेर सोडायची. स्वस्तात पोटभर मिळायचं ते तेवढंच. त्यावर आम्ही वाढलो, आणि त्याचंच नाव घ्यायची चोरी! काहून? कोणाच्या बापाचं खात होतो?

जिन्यातून उठले ते ठरवूनच उठले.

रविवारी ते आले. शेजारीणही आली. मी चहा दिला. सेक्रेटरी म्हणाले, "भाभीजी, बुलाइए उसको."

"नहीं बुलाऊँगी," मी म्हटलं. "वो झूठ नहीं बोलेगी, और मैं बोलने नहीं दूँगी. कमरा खाली नहीं होगा."

"आप समझ नहीं रहीं. आपके जैसे अच्छे घर में..."

"मेरे जैसे?" मले राहवलं नाही. "मेरी माँ ने हमको बड़े का गोश्त खिलाया है. उसी पे पली हूँ मैं. अब बोलो, मुझे भी निकालोगे? घर मेरे नाम पे है."

 सगळ्यात आधी शेजारीण उठली, मग बाकीचे. चहा तसाच राहिला. बोललेलं मागं घ्यावं असं एकदाही वाटलं नाही. गेले तर गेले. नंतर त्या घरांतून कोणी आमच्याकडं आलं नाही, आणि नर्स तिची बदली होईपर्यंत वरच राहिली.

त्या दिवशी दार लावून वळले, तर लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी. चेहरा पांढरा पडलेला.

"नानी? अपनी नानी ये बनाती थी? मम्मी, आपने मुझे भी नहीं बताया?"

कॉलोनीले उत्तर देताना अडखळले नव्हते, इथं अडखळले. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिच्या हाताचं मी पोटच्या पोरीपासूनही लपवलं होतं. मी खाली बसले, तिलेही बसवलं आणि सांगायले लागले. मसाला पाट्यावर कशी वाटायची, रश्श्याचा गंज चुलीवर किती वेळ ठेवायची, सगळं. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "कैसा लगता था?"

"चांगलं लागायचं," मी म्हटलं. "लय चांगलं लागायचं."